हौसेने हाकलेली गाडी : टॅलिलिन रेल्वे जतन संस्थेची पंचाहत्तर वर्षे

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या टाउइन गावातून एक नॅरोगेज रेल्वे डोंगरात शिरते आणि सव्वासात मैल चढून नांत ग्वेरनॉल या स्थानकात थांबते. तिथे मोटारीचा रस्ता पोचत नाही, फक्त पायवाट आहे. दोन रुळांमधले अंतर २ फूट ३ इंच. आपली माथेरानची गाडी २ फुटांची, जुनी बार्शी लाइट २ फूट ६ इंचांची होती. टॅलिलिन या दोघींच्या बरोबर मधली. आकाराने, वेगाने, उत्पन्नाने ती कधीच मोठी नव्हती. पण हौशी माणसांनी एकत्र येऊन वाचवलेली आणि स्वतः चालवलेली जगातली ही पहिली रेल्वे. ज्या संस्थेने हे केले तिची स्थापना ११ ऑक्टोबर १९५० ची, म्हणजे तिचा अमृतमहोत्सव २०२५ मध्ये झाला.

इंजिने, डबे, पूल यांची माहिती देणारी पुस्तके या रेल्वेवर भरपूर निघाली आहेत. या लेखात रेल्वेबरोबरच ती चालवणाऱ्या माणसांकडे जास्त पाहायचे आहे. चाळिशीत आलेले इथेच साठीचे झाले, आणि साठीत नव्याने आलेले पंचाहत्तरीपर्यंत टिकले. संस्थेजवळ पैसा बेताचा आणि काम न संपणारे, त्यामुळे कोणत्या वयाच्या माणसाला कोणते काम जमेल हे शोधत राहणे तिला भागच होते. तेच तिचे खरे कौशल्य ठरले.

१९५० पूर्वी : पाटीचा दगड आणि एक शब्द

अमेरिकेतील यादवी युद्धात कापूस मिळेनासा झाला, तेव्हा मँचेस्टरच्या मॅकॉनेल या गिरणीमालक घराण्याने आपला पैसा वेल्समधल्या ब्रिनएग्लुइस खाणीत गुंतवला. खाण पाटीच्या दगडाची. छपरांसाठी लागणारा हा दगड समुद्रकाठी आणायला रेल्वे हवी होती. १८६५ मध्ये पार्लमेंटने तिला मंजुरी दिली. ‘टॅलिलिन’ आणि ‘डॉल्गॉख’ ही दोन इंजिने व्हाइटहेवनच्या फ्लेचर जेनिंग्ज कारखान्यातून आली. दोन्ही आजही कामावर आहेत.

रेल्वे बांधून झाल्यावर सरकारी निरीक्षक कॅप्टन टायलर तपासणीला आले आणि त्यांनी एक भलताच घोटाळा दाखवून दिला. पुलांच्या कमानी अरुंद झाल्या होत्या. डबा खाली उभा राहिला की दोन्ही बाजूंना पुरेशी मोकळी जागा उरत नव्हती, दार उघडायचे तर प्रश्नच नाही. पूल पाडण्याऐवजी तोडगा असा निघाला की रूळ कमानीखाली एका बाजूला सरकवायचे आणि डब्यांची त्या बाजूची दारे कायमची बंद करायची. आज टाउइनला गाडीत चढणाऱ्याला एकाच बाजूने का चढावे लागते, याचे उत्तर दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या चुकीत आहे.

खाणीचा इतिहास सांगताना आणखी एक गोष्ट गाळता येत नाही. पाटीचा दगड फोडताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसात बसते. उत्तर वेल्समधल्या हजारो खाण कामगारांचे म्हातारपण त्या धुळीने खाल्ले आणि नुकसानभरपाईचा कायदा व्हायला १९७९ साल उजाडले. आज त्याच रुळांवर निवृत्त माणसे मजेने राबतात. आधीच्या पिढ्यांना त्या कामात मजा करण्याची सवड नव्हती, हे अमृतमहोत्सवी कौतुकातही लक्षात ठेवलेले बरे.

१९११ मध्ये खाण आणि रेल्वे सर हेन्री हेडन जोन्स यांनी घेतली. ते अनेक वर्षे पार्लमेंटचे सभासद होते. रेल्वेतून कमाई जवळपास नव्हती. तरीही, मी जिवंत आहे तोवर गाडी चालेल, असा शब्द त्यांनी दिला होता आणि तो पाळला. १९४६ च्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी खाणीचा भाग कोसळला आणि खाण बंद पडली. गाडी मात्र उन्हाळ्यात आठवड्यातले दोन-तीन दिवस धडपडत चालत राहिली. १९४८ मध्ये ब्रिटनमधल्या रेल्वेंचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा टॅलिलिन यादीतून सुटली. यवतमाळ–मूर्तिजापूरची शकुंतला जशी कंपनीच्या मालकीची राहून गेली, तसाच काहीसा हा प्रकार. सर हेडन २ जुलै १९५० रोजी गेले.

१९५० ते १९६० : गवताने धरलेले रूळ

अभियंता आणि लेखक एल. टी. सी. रोल्ट यांचे वय तेव्हा ४०. कालव्यांवरच्या जुन्या नौकानयनाबद्दल त्यांनी आधीच खूप लिहिले होते. नव्या यंत्रयुगात माणसाच्या हाताला काम उरावे, ही त्यांची आयुष्यभराची तळमळ. टॅलिलिनसाठी हौशी लोकांनी पुढे यावे अशा आशयाचे त्यांचे पत्र बर्मिंगहॅमच्या वृत्तपत्रात आले, आणि ११ ऑक्टोबर १९५० रोजी त्याच शहरातल्या इम्पीरियल हॉटेलात सभा भरली. सत्तरएक लोक आले. बॅनबरीचे दुकानदार बिल ट्रिंडर अध्यक्ष झाले. जिम रसेल, पॅट व्हाइटहाउस, पॅट गार्लंड अशी मंडळी कामाला लागली. सर हेडन यांच्या पत्नींनी रेल्वे संस्थेच्या हाती सोपवण्याला होकार दिला, आणि जुन्या व्यवस्थेतले मॅनेजर एडवर्ड थॉमस यांनी आपला अनुभव नव्या मंडळींना दिला. ‘संस्थापक’ म्हणून पुस्तकांत रोल्ट यांचे नाव येते ते योग्यच आहे, पण लेडी हेडन जोन्स आणि थॉमस नसते तर ती सभा चहापाण्यावरच संपली असती.

ही सभा १९५० मध्येच का जमली याचा विचार केला की काही साध्या गोष्टी हाती लागतात. युद्धकाळापासूनचे पेट्रोलचे रेशनिंग त्याच वर्षी मे महिन्यात उठले होते. पगारी रजेचा कायदा १९३८ चा, पण युद्धामुळे सामान्य माणसाला तिचा उपभोग आता कुठे मिळू लागला होता. बर्मिंगहॅमच्या कारखान्यातला फिटर किंवा बँकेतला कारकून शनिवारी दुपारी गाडी काढून वेल्सला जाऊ शकत होता. मोकळा वेळ आला, तो घालवायला हौस हवी होती, आणि हौसेला मळके कपडे चालत होते.

ताब्यात आलेली मालमत्ता बघून दुसरे कोणी असते तर परत फिरले असते. दोन इंजिनांपैकी चालण्याजोगे एकच, ‘डॉल्गॉख’. रूळ मूळचे, म्हणजे १८६० च्या दशकातले. स्लीपर ठिकठिकाणी कुजलेले. रुळांवर गवत इतके माजले होते की रूळ गवतानेच जागच्या जागी धरून ठेवले आहेत असे सगळे म्हणत, आणि ते फारसे खोटेही नव्हते. रोल्ट मॅनेजर आणि डेव्हिड कर्वेन अभियंता. तोवर साडेसहाशेच्या आसपास सभासद झाले होते. १४ मे १९५१ रोजी संस्थेची पहिली गाडी टाउइनच्या वॉर्फ स्थानकातून रिडरॉनेनपर्यंत गेली, आणि जूनमध्ये ती डोंगरातल्या अबरगनॉल्विन गावापर्यंत पोचली.

त्याच वर्षी शेजारची, अगदी त्याच मापाची कॉरिस रेल्वे उपयोगी पडली. ती १९४८ मध्ये बंद झाली होती. तिची दोन इंजिने मखनलेथच्या यार्डात झाकून ठेवलेली होती. संस्थेने ती प्रत्येकी २५ पौंडांना घेतली. एकाला ‘सर हेडन’ नाव दिले, दुसऱ्याला ‘एडवर्ड थॉमस’. जुन्या मालकाचे आणि जुन्या मॅनेजरचे नाव इंजिनांवर घालणे हा कृतज्ञतेचा झाला तसा शहाणपणाचाही भाग होता. गावकऱ्यांना नवी मंडळी परकी वाटली नाहीत. ‘सर हेडन’ मात्र ढिल्या रुळांवरून वारंवार घसरू लागले, तेव्हा आधी रूळ बदलायचे हे ठरले. ‘एडवर्ड थॉमस’ची दुरुस्ती लीड्सच्या हन्स्लेट कंपनीने मोफत करून दिली. तिचे प्रमुखच संस्थेचे सभासद होते.

इथेच या संस्थेचा पहिला धडा आहे. पहिल्या पाच-सहा वर्षांत खरे काम झाले ते लोहमार्गावर. फावडे, पहार, टॉमी बार, डोक्यावर पाऊस. ब्रिटिश प्रादेशिक सैन्याच्या अभियंता तुकड्यांनीही उन्हाळी सरावाच्या निमित्ताने रूळ बसवून दिले. पण आठवडाभर टेबलावर बसणाऱ्या माणसांनी रविवारी खडी भरली तेव्हा त्यांच्या पाठींनी काय सोसले याची नोंद कुठल्याही अहवालात नाही. इंजिनावर बसायला मिळेल म्हणून आलेल्यांपैकी बहुतेकांनी पहिली काही वर्षे गवत कापले.

१९५२ मध्ये रजा काढून कुटुंबासह आलेले रेव्हरंड डब्ल्यू. ऑड्री यांना गार्डचे काम मिळाले. ‘थॉमस’ नावाच्या बोलक्या इंजिनाच्या गोष्टी लिहिणारे हेच ते धर्मोपदेशक. आपल्याकडची मुले या गोष्टी टीव्हीवर बघतात. ऑड्री यांनी एकदा चहा-नाश्ता विकणाऱ्या बाईंना फलाटावर तसेच ठेवून हिरवी झेंडी दाखवली आणि गाडी निघाली. बाई धावत राहिल्या. ही चूक त्यांनी वाया घालवली नाही. १९५५ च्या पुस्तकात एका छोट्या इंजिनाच्या नावावर ती जमा झाली, आणि पुढे ही रेल्वे मुलांच्या नकाशावर कायमची उमटली. ईलिंग स्टुडिओचा ‘द टिटफील्ड थंडरबोल्ट’ हा १९५३ चा विनोदी चित्रपटही टॅलिलिनच्याच उद्योगावरून सुचलेला.

१९५७ मध्ये बीबीसीने इथून थेट प्रक्षेपण केले. त्या वर्षी प्रवाशांची संख्या पन्नास हजारांच्या पुढे गेली. पुढच्याच वर्षी इंजिन क्रमांक एक, ‘टॅलिलिन’, पूर्ण दुरुस्त होऊन परतले.

याच काळात व्यवस्थापनाच्या पद्धतीवरून काही मतभेद झाले आणि धुरा एकाकडून दुसऱ्याकडे गेली. पगारी माणसे किती ठेवावीत, हौशी माणसाच्या हाती इंजिन कधी द्यावे, असे प्रश्न होते. अशा संस्थेत ते नसते तरच नवल. सगळेच पुढेही सभासद राहिले, इतके सांगून पुढे जाऊ.

१९६० ते १९७० : आकडे लिहिणारी पोरे

आजच्या वृद्ध स्वयंसेवकांचे मूळ समजून घ्यायचे तर टाउइन सोडून जरा बाहेर बघायला हवे. १९४२ मध्ये इयन ॲलन या तरुण रेल्वे कर्मचाऱ्याने इंजिनांच्या क्रमांकांची एक छोटी पुस्तिका काढली. फलाटाच्या टोकाला उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या इंजिनाचा आकडा टिपायचा आणि पुस्तिकेत त्याखाली रेघ मारायची, हा छंद युद्धानंतरच्या शाळकरी मुलांमध्ये साथीसारखा पसरला. मग १९६३ मध्ये डॉ. बीचिंग यांचा अहवाल आला, शाखामार्ग धडाधड बंद होऊ लागले, आणि ऑगस्ट १९६८ मध्ये ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरून नियमित वाफेची इंजिने गेली. ज्यांनी आकडे टिपले होते त्यांच्या वह्या एकदम बंद झाल्या. तेव्हा ही मुले पंचविशीत-तिशीत होती. त्यांच्यातले कित्येक टॅलिलिनसारख्या रेल्वेंकडे वळले.

तोवर इतरत्रही वाट रुळली होती. फेस्टिनिओग १९५५ मध्ये पुन्हा सुरू झाली, ब्लूबेल आणि मिडलटन १९६० मध्ये. टाउइनला कसे केले, हे विचारायला लोक येत. टॅलिलिनच्या मंडळींनी कुणाला नाही म्हटल्याचे ऐकिवात नाही. सल्ला द्यायची हौस तर इंजिन चालवण्याच्या हौसेपेक्षा मोठी असते. वॉर्फ स्थानकात नॅरोगेज रेल्वेचे संग्रहालय आधीच सुरू झाले होते, ते या काळात वाढले. हे संग्रहालय पुढे कोणाच्या उपयोगी पडणार होते, याची तेव्हा कल्पना नसावी.

१९७० ते १९८० : वरचा पाऊण मैल

१९७३ साली १ लाख ८६ हजार प्रवास झाले. तो उच्चांक अजून मोडलेला नाही. स्वस्त विमाने अजून सुटली नव्हती आणि इंग्लंडमधली कुटुंबे वेल्सच्याच किनाऱ्यावर सुटीला येत होती. गर्दी सांभाळायला डबे कमी आणि पासिंग लूपही कमी, अशी स्थिती होती. संस्थेच्या कारभाऱ्यांना या दशकाने घाम फोडला.

तरी मोठे काम याच दशकात झाले. अबरगनॉल्विनच्या पुढे खाणीकडे जाणारा जुना मालवाहू मार्ग पडून होता. त्याची प्रवासी गाडीसाठी बांधणी करून २२ मे १९७६ रोजी नांत ग्वेरनॉलपर्यंत गाडी नेली. उद्घाटन विनफर्ड वॉन-टॉमस यांच्या हस्ते झाले. १९५७ च्या बीबीसी प्रक्षेपणातला एक आवाज त्यांचाच. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, मध्ये कसाबसा रूळ मावेल एवढी वाट. खडक फोडावा लागला. वरच्या स्थानकात उतरणाऱ्याने काय करायचे, तर चालायचे. ओढ्याकाठी, झाडीतून, खाणीच्या अवशेषांपर्यंत. रेल्वेला जोडलेल्या या पायवाटा आणि खालचा डॉल्गॉखचा धबधबा यांमुळे, गाडीच्या नादी न लागलेली बायको किंवा नवराही इथे रमू लागला. संस्थेच्या अहवालांत अशा माणसांचे श्रेय क्वचितच येते. चार माणसांच्या कुटुंबात एकाला इंजिनाचे वेड असेल तर उरलेल्या तिघांसाठीही काही असावे लागते, नाहीतर पुढच्या वर्षी तो एकही येत नाही.

रोल्ट हा विस्तार बघायला नव्हते. मे १९७४ मध्ये ते गेले.

१९८० ते २००० : कारखाने बंद, हात मोकळे

१९८० च्या दशकात मध्य इंग्लंडमधले अभियांत्रिकीचे कारखाने एकामागून एक बंद झाले. लेथवर, फाउंड्रीत, बॉयलरच्या कामात आयुष्य घालवलेली माणसे पन्नाशी-पंचावन्नला घरी बसली. त्या समाजासाठी ते दुःखाचेच होते. टॅलिलिनसारख्या रेल्वेंना मात्र असे कसबी हात पुन्हा कधी मिळाले नसते. मायक्रोमीटर वाचता येणारा, रिव्हेट बसवता येणारा माणूस पैसे न मागता येतो आणि वर सकाळी आठला हजर राहतो, हे कोणत्या कारखानदाराच्या नशिबी असते?

या काळाचे सर्वांत चांगले फळ म्हणजे इंजिन क्रमांक सात. आयर्लंडच्या पीट महामंडळाकडचे, पीट जाळणारे, वेगळ्याच मापाचे एक इंजिन संस्थेने १९६९ मध्ये घेतले होते. त्याचे सुटे भाग रेल्वेच्या पेंड्रे इथल्या इंजिन शेडमध्ये वर्षानुवर्षे पडून होते. दीर्घकाळ मुख्य अभियंता असलेले जॉन बेट यांनी त्यावरून जवळजवळ नवेच इंजिन आखले. १९९१ मध्ये ते धावू लागले. आधी त्याचे नाव आयरिश थाटाचे ठरत होते. शेवटी रोल्ट यांच्याच नावाने ‘टॉम रोल्ट’ ठेवले. घरच्या शेडमध्ये वाढलेले हे इंजिन आजही जड गाड्यांना हमखास लावले जाते.

१९८४ पासून टाउइनच्या रोटरी क्लबने ‘रेस द ट्रेन’ ही शर्यत सुरू केली. दर ऑगस्टमध्ये शेकडो माणसे गाडीबरोबर अबरगनॉल्विनपर्यंत आणि परत टाउइनपर्यंत धावतात. सुमारे १४ मैल, चिखलातून आणि मेंढ्यांच्या कुरणांतून. काही धावक गाडीच्या आधी पोचतात. इंजिनवाल्यांना त्याचे वाईट वाटत नाही. गाडीला वेळापत्रक असते, क्रॉसिंगला थांबावे लागते, पाणी भरावे लागते. शर्यतीच्या दिवशी गाव भरून जाते आणि रेल्वेचे तिकीटही खपते.

२००० ते २०१० : गुडघे, डोळे आणि कान

आकडे लिहिणारी ती पोरे आता साठीला आली. निवृत्तिवेतन होते, प्रकृती बरी होती, दिवस रिकामे होते. नोकरीत असताना वर्षातून एक आठवडा येणारा आता महिन्यातून दोनदा येऊ लागला. याच दशकात वॉर्फ स्थानकाची पुनर्बांधणी लॉटरी निधीच्या मदतीने झाली, संग्रहालयाला नवी इमारत मिळाली, आणि २००५ मध्ये तेव्हाचे प्रिन्स चार्ल्स यांनी तिचे उद्घाटन केले. १९९७ मध्ये वारलेल्या ऑड्री यांची लिखाणाची खोली तिथे जशीच्या तशी मांडली आहे.

पण साठीनंतरच्या स्वयंसेवकाचा प्रश्न नाजूक असतो. वाफेच्या इंजिनाचा दिवस गाडीच्या वेळेच्या तीन-चार तास आधी सुरू होतो. राख काढायची, जाळ पेटवायचा, इंजिनाखाली वाकून प्रत्येक सांध्याला तेल द्यायचे. मग चढावर कोळसा टाकत राहायचा. सफाईवाल्यापासून फायरमन आणि फायरमनपासून ड्रायव्हर असे चढत जायला वर्षे लागतात, आणि ज्याला तो मान पंचावन्नला मिळाला त्याचे गुडघे पासष्टला ऐकत नाहीत. शिवाय गाडी चालवणाऱ्याची वैद्यकीय तपासणी ठरावीक काळाने होतेच. डोळ्यांत लाल-हिरवा वेगळा दिसला पाहिजे, शिट्टी ऐकू आली पाहिजे, रक्तदाब ताब्यात पाहिजे. तपासणीत नापास होण्याची भीती इथल्या ज्येष्ठांना जेवढी, तेवढी शाळेतही कधी वाटली नसेल.

कारभाऱ्यांचे कसब इथे दिसते. ड्रायव्हरचे काम सुटलेला माणूस गार्ड होतो. गार्डच्या डब्यात चढणे जड झाले की ब्रिनग्लास किंवा क्वॉरी सायडिंगच्या ब्लॉक पोस्टवर बसतो. समोरासमोरच्या गाड्यांना टोकन देणे-घेणे, लिव्हर ओढणे, किटलीवर लक्ष ठेवणे. तेही नको झाले तर तिकीट खिडकी, दुकान, संग्रहालय. संग्रहालयात येणाऱ्या मुलांना तासन्‌तास तीच गोष्ट सांगायला ऐंशीच्या माणसाइतका सबुरीचा मनुष्य मिळत नाही. स्थानकांच्या बागा, जुन्या छायाचित्रांची वर्गवारी, सभासदांसाठीच्या नियतकालिकाची मुद्रिते तपासणे ही घरबसल्याची कामेही आहेत. प्रत्येक पायरी खाली उतरताना मन खट्टू होतेच. पण पाळीच्या तक्त्यावर नाव राहते, आणि तक्त्यावर नाव असले की सकाळी उठावे लागते. एकट्या राहणाऱ्या विधुराला यापेक्षा मोठी सोय काय असणार?

या हौसेला औषध म्हणण्याची आजकाल फॅशन आहे. मला ते पटत नाही. कोळशाचा धूर फुप्फुसाला चांगला नाही, ओल्या पाटीच्या दगडावरून घसरून मनगट मोडते, आणि अर्धशतकभर शेडमध्ये वावरलेल्यांपैकी पुष्कळांचे कान गेलेले असतात. शिवाय चहाबरोबर सुकामेव्याचा जाड ‘बारा ब्रिथ’ लोणी लावून खाल्ला जातो, तो मधुमेहाच्या तक्त्यात बसत नाही. फायदा आहे तो दुसरीकडे. दिवसभर उभे राहणे, चालणे, हातांनी बारीक काम करणे, तीन पिढ्यांतल्या माणसांशी बोलणे आणि चुकले तर कोणीतरी रागावणे. निवृत्त माणसावर रागावणारे घरातही फारसे कोणी उरत नाही.

२०१० ते २०२० आणि पुढे

२०१५ मध्ये रेल्वेला मंजुरी मिळाल्याची दीडशे वर्षे साजरी झाली. २०२० च्या मार्चमध्ये कोविडमुळे सत्तरीच्या पुढच्यांनी घरातच थांबावे असा सरकारी सल्ला आला. जिथे अनुभवी माणसे त्याच वयाची, तिथे याचा अर्थ रेल्वेच थांबणे असा होता. काही महिन्यांनी मर्यादित गाड्या सुरू झाल्या. डब्यांत अंतर, खिडक्या उघड्या, हातमोज्यांवर आणखी हातमोजे. काही ज्येष्ठ त्यानंतर परत आले नाहीत. कोणी आजाराने गेले, कोणाची सवय तुटली.

२८ जुलै २०२१ रोजी वायव्य वेल्सच्या पाटी-दगडाच्या भूप्रदेशाला युनेस्कोने जागतिक वारसा म्हटले. त्यात ब्रिनएग्लुइस खाण आणि टॅलिलिन रेल्वेचा समावेश आहे. पाऊणशे वर्षांपूर्वी गवतात हरवलेल्या रुळांना हा दर्जा मिळाला तो इतक्या वर्षांच्या राबण्याने. ज्यांनी तो मिळवला त्यांतल्या बहुतेकांची नावे फक्त हजेरीच्या वह्यांत सापडतील.

आजचे काम तीन गोष्टींशी झगडत चालले आहे. पहिली कोळशाची. दक्षिण वेल्समधली फोस-अ-व्रान ही मोठी उघडी खाण २०२३ च्या अखेरीस बंद झाली आणि वाफेच्या रेल्वेंना जवळचा, चांगला कोळसा मिळेनासा झाला. परदेशी कोळसा वेगळा जळतो. कोळशाच्या चुऱ्यापासून दाबून केलेल्या गोळ्याही वापरून पाहिल्या जात आहेत. ज्या फायरमनने चाळीस वर्षे एकाच प्रकारचा जाळ राखला त्याला सत्तरीत जाळ राखणे नव्याने शिकावे लागत आहे, आणि तो त्याबद्दल दिवसभर तक्रार करतो, पण शिकतो.

दुसरी गोष्ट तरुण मंडळींची. शाळकरी मुलांना रेल्वेवर हलके काम द्यायला मंडळी तयार आहेत आणि मुलेही उत्सुक आहेत, पण १९२० च्या एका कायद्याने कारखाने आणि रेल्वेत मुलांना कामावर ठेवायला बंदी घातली. तो मुलांची पिळवणूक थांबवण्यासाठी केला होता, आणि योग्यच होता. हौसेने रंग देणाऱ्या पोराचा विचार तेव्हा कोणाच्या डोक्यात असणार? ब्रिटनमधल्या वारसा रेल्वेंनी हा प्रश्न पार्लमेंटपर्यंत नेला आहे. तोवर टॅलिलिनने आपला तरुण सभासदांचा गट चालवला आहे. पालक सोबत आणि बागकाम, रंगकाम, साफसफाई अशी बेताची कामे.

तिसरी गोष्ट पैशाची, आणि ती सांगायची नवी नाही. मोजके पगारी कर्मचारी आणि शेकडो स्वयंसेवक हे प्रमाण स्थापनेपासून फारसे बदललेले नाही. सुटीचा हंगाम वसंतापासून शरदापर्यंत. हिवाळ्यात गाड्या जवळपास थांबतात, तेव्हा पेंड्रेच्या शेडमध्ये इंजिने सोलून काढली जातात आणि रुळांवर स्लीपर बदलले जातात. जानेवारीतल्या त्या कामासाठी गाड्या चालवण्यापेक्षा जास्त ज्येष्ठ मंडळी नावे देतात. प्रवासी नसतात, पोशाखाची सक्ती नसते, आणि दुपारी एक वाजता गरम सूप मिळते.